‘तुम्ही ठरवाल ते’ असे वडील म्हणतात तेव्हा

वाचकाचे पत्र : माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना जुना मधुमेह आहे, दहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि गेली काही वर्षे मूत्रपिंडांचे काम हळूहळू खालावत गेले आहे. मागच्या तपासणीत ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे किती काम करतात याचा अंदाज देणारा आकडा, ९ आला. डॉक्टर म्हणाले, की डायलिसिसचा विचार करायची वेळ आली आहे. पण या वयात आणि हृदयाची अशी स्थिती असताना डायलिसिस न करता उपचार चालू ठेवणे हाही एक मार्ग आहे, तेव्हा घरी बोलून ठरवा. धाकटा भाऊ दूर असतो. एक दिवसही न घालवता डायलिसिस सुरू करा, असा त्याचा आग्रह आहे. आईला हा विषय बाबांसमोर निघायलाच नको आहे. बाबा घरातल्या घरात चालतात, सकाळी वर्तमानपत्र वाचतात, दुपारी मात्र बराच वेळ पडून असतात. त्यांना विचारले, की ते एवढेच म्हणतात, “तुम्ही ठरवाल ते.” त्यांच्याजवळ मीच असते, त्यामुळे निर्णय माझ्यावर आल्यासारखा वाटतो. नको म्हटले तर मी त्यांना मरू दिले असे होईल का? हो म्हटले आणि त्यांचे हाल झाले तर?

उत्तर :

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचे, त्यांना उपचारांची माहिती देण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांचे आणि तपासण्यांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण तुमच्या पत्रात जो पेच आहे तो औषधांचा कमी आणि बोलण्याचा अधिक आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी तुमच्या भावाच्या घाईविषयी, कारण तिचा ताण तुमच्या पत्रात सगळीकडे जाणवतो. ईजीएफआर १५ च्या खाली गेला, की आजार पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आला असे म्हणतात. पण अमुक आकडा आला म्हणून त्याच दिवशी मशीनवर घ्यावे असा नियम नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाचे डायलिसिस मूत्रपिंडांचे काम १० ते १४ च्या दरम्यान असतानाच सुरू करायचे होते आणि दुसऱ्या गटाचे ते ५ ते ७ पर्यंत उतरेपर्यंत थांबायचे होते. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना ठरलेल्या आकड्याच्या आधीच, त्रास वाढल्यामुळे, डायलिसिस सुरू करावे लागले, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे नियमित तपासणी चालू असेल आणि त्रास आटोक्यात असेल, तर काही आठवडे विचार करण्यात गेल्याने तुमच्या वडिलांचे नुकसान होत नाही. मात्र आडवे पडले की धाप लागणे, अंगावर झपाट्याने सूज चढणे, सतत उलट्या, छातीत धडधड, एकाएकी आलेला गोंधळलेपणा किंवा जाग न येण्याइतकी गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर विचार करत बसू नका, त्याच वेळी डॉक्टरांना गाठा. त्रास अचानक वाढण्याची शक्यता लक्षात घेऊन हाताशी असलेले हे आठवडे बोलण्यासाठी वापरायला हवेत. विषय टाळत ते घालवले, तर मिळालेल्या वेळाचा उपयोग झाला असे होणार नाही.

आता वडिलांच्या त्या वाक्याकडे येते. ‘तुम्ही ठरवाल ते’ हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की त्याला मी उत्तर मानतच नाही. तिथून खरे बोलणे सुरू होते असे मानते. काही जणांच्या बाबतीत त्या शब्दांमागे खरोखरचा विश्वास असतो: मुलीने आजवर माझे सगळे नीट पाहिले, हेही पाहील. काही जणांना डॉक्टरांचे बोलणे समजलेले नसते आणि ते कबूल करणे अवघड वाटते. काही जण घाबरलेले असतात. आणि पुष्कळ जण, विशेषतः आयुष्यभर घर चालवलेली माणसे, आपला भार मुलांवर पडू नये म्हणून स्वतःची इच्छा बोलूनच दाखवत नाहीत. मुलगी थकली आहे हे त्यांना दिसत असते. आपण ‘हो’ म्हटले तर तिची धावपळ वाढेल आणि ‘नको’ म्हटले तर ती रडेल, म्हणून ते दोन्ही म्हणत नाहीत. तुमच्या वडिलांच्या मनात यांपैकी काय आहे हे मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि नेमके विचारल्याशिवाय ते तुम्हालाही कळणार नाही.

माझ्या आईच्या वेळी आम्ही भावंडांनी हे विचारले नव्हते. तिचा आजार वेगळा होता, पण उत्तर हेच होते, आणि ते आम्हाला सोयीचे वाटले. आम्ही सगळे ठरवले, तिनेही सगळे निमूटपणे करून घेतले. शेवटच्या महिन्यात एकदा ती म्हणाली, “मला घरी जायचं होतं, पण तुम्ही एवढी धडपड करत होतात.” त्या वाक्याची आठवण मला अजूनही अस्वस्थ करते. म्हणूनच तुम्हाला कळकळीने सांगते, की हे बोलणे टाळू नका.

तुमच्या आईंना वाटते तसे वडिलांपासून काही लपवता येईल, असे मला वाटत नाही. ज्याची भूक कमी झाली आहे, ज्याला दुपारभर पडून राहावे लागते आहे, त्याला आपले काय चालले आहे याची जाणीव असतेच. घरात सगळे गप्प झाले, की ती जाणीव त्याला एकट्याने सोसावी लागते. तरीही आईंना बाजूला सारून हे बोलू नका. त्यांना आधी विश्वासात घ्या, त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते ऐका, आणि मग शक्य झाल्यास त्यांनाही जवळ बसवा. बोलण्यासाठी सकाळची वेळ निवडा, कारण त्या वेळी बाबा ताजेतवाने असतात, हे तुमच्याच पत्रातून कळते.

सुरुवात निर्णयापासून करू नये. “बाबा, तुमच्या तब्येतीबद्दल डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतं?” असे विचारा आणि ते सांगतील ते मध्ये न बोलता ऐका. त्यांना किती ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे हे त्यातून समजेल. मग आयुष्याविषयी विचारा: सध्या दिवसातली कोणती वेळ बरी जाते, कोणती गोष्ट हातून सुटली तर फार वाईट वाटेल, येत्या काळात कशाची सर्वांत जास्त धास्ती वाटते, आणि थोडे अधिक आयुष्य मिळावे म्हणून ते किती सोसायला तयार आहेत. शेवटचा प्रश्न कठोर वाटेल, पण सगळ्यात उपयोगी तोच आहे. एखादे गृहस्थ म्हणतील, नातीचे लग्न पाहायचे आहे, तोवर सुया टोचा, मशीनला जोडा, काहीही करा. दुसरे म्हणतील, मला माझ्या खोलीत, माझ्या खिडकीपाशी राहायचे आहे, आता दवाखान्याच्या फेऱ्या नकोत. दोघेही बरोबरच आहेत, फक्त त्यांच्यासाठी योग्य उपचार वेगवेगळे आहेत. प्रश्न विचारल्यावर जी शांतता पडेल ती घाईने भरून काढू नका. एका बैठकीत सगळे होणार नाही. दोन-तीन सकाळी लागतील.

हे ऐकून झाल्यावरही ते “तूच ठरव” असे म्हणाले, तर तोही त्यांचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवावा. फरक इतकाच, की मग त्यांना काय महत्त्वाचे वाटते हे तुम्हाला माहीत असेल, आणि तुम्ही स्वतःच्या भीतीवरून न ठरवता त्यांच्या इच्छेवरून ठरवाल.

या बोलण्याआधी तुम्हाला दोन्ही मार्गांचे खरे चित्र माहीत असले पाहिजे. रक्ताचे डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. मशीनवरचे हे बारा तासच मोजून चालत नाही. जाणे, थांबणे, परत येणे आणि नंतरचा थकवा धरला, तर वयस्कर माणसाचे आठवड्यातले तीन दिवस बहुतांशी त्यातच जातात. काही जणांना रात्रभर झोप झाल्यावर हुशारी वाटते, काही जण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळून गेलेले असतात. ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे त्यांचा रक्तदाब मशीनवर असताना खाली जाण्याची शक्यता अधिक. त्याच वेळी, अंगात साचलेले पाणी आणि विषद्रव्ये निघून गेल्यामुळे धाप, मळमळ आणि गुंगी कमी होऊन ज्यांना पुन्हा माणसांत आल्यासारखे वाटले, असे वृद्धही मी पुष्कळ पाहिले आहेत. पोटाचे डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात द्रव सोडून आणि काढून केलेले डायलिसिस, घरी करता येते आणि ते हृदयाला सहसा अधिक मानवते. पण रोज, अगदी स्वच्छतेने, कोणीतरी ते केले पाहिजे, आणि तुमच्या घरी ते ‘कोणीतरी’ म्हणजे तुम्हीच असाल. डॉक्टरांनी या प्रकाराचा उल्लेख केला नसेल तर तुम्ही विचारा.

डायलिसिस न करण्याच्या मार्गाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की त्यात काहीच करायचे नसते. प्रत्यक्षात औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी चालूच राहतात. पाणी साचू नये म्हणून लघवी वाढवणारी औषधे, रक्त कमी झाले असल्यास लोह आणि एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शने, रक्तातले आम्ल आणि पोटॅशियम आवाक्यात ठेवण्याचे उपाय, खाज, मळमळ, पायांची तळमळ, धाप आणि वेदना यांवर मूत्रपिंडांना झेपेल एवढ्या मात्रेत औषधे, आणि कठोर पथ्यांतून थोडी मोकळीक, असे ते स्वरूप असते. वेदना आणि त्रास कमी करण्याचे शास्त्र जाणणारे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, डॉक्टर यात सहभागी असले तर फार फरक पडतो, आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी शेवटच्या आठवड्याची वाट पाहायची नसते.

मग आयुष्य किती, हा प्रश्न उरतोच. सर्वसाधारणपणे डायलिसिस घेणारे अधिक जगतात. पण ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरील रुग्णांचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की ज्यांना इतर आजार बरेच होते, विशेषतः रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे होणारा हृदयविकार होता, त्यांच्या बाबतीत हा फायदा जवळजवळ उरला नाही. अशा अभ्यासांत कोणी कोणता मार्ग घ्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरलेले नसते, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष जपूनच वापरावे लागतात. अमेरिकेत, परावलंबी वृद्धांना सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांची डायलिसिस सुरू झाल्यानंतरची माहिती २००९ साली प्रसिद्ध झाली. एका वर्षात त्यांच्यापैकी ५८ टक्के मरण पावले होते, आणि स्वतःची कामे करण्याची पूर्वीची क्षमता टिकून राहिलेले केवळ १३ टक्के होते. तुमचे वडील घरी राहतात, चालतात, वाचतात. त्या वृद्धांइतके ते परावलंबी नाहीत, म्हणून हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका. मी ते सांगते आहे ते एवढ्यासाठीच, की मशीन मूत्रपिंडांचे काही काम करते, थकलेल्या हृदयाला किंवा झिजलेल्या स्नायूंना ते पूर्वीसारखे करत नाही. भाऊ ‘डायलिसिस केले की बाबा पूर्वीसारखे होतील’ असे धरून चालला असेल, तर हे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे.

सिॲटलमध्ये १९६० साली दीर्घकाळ डायलिसिस करणे प्रथम शक्य झाले, तेव्हा यंत्रे इतकी थोडी होती, की कोणाला वाचवायचे हे ठरवण्यासाठी पुढे लवकरच सामान्य नागरिकांची एक समितीच बसवावी लागली होती. त्या काळी डायलिसिस मिळणे हेच भाग्य होते, आणि मला वाटते, आपल्या मनात अजूनही तीच भावना आहे. म्हणून डायलिसिस उपलब्ध असताना ‘नको’ म्हणणे आपल्याला गुन्ह्यासारखे वाटते. पण एखादा उपचार मिळू शकतो की नाही आणि तो या माणसाच्या भल्याचा आहे की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि तुमच्या घरी विचार करायचा तो दुसऱ्या प्रश्नाचा.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत वडिलांना स्वतः डॉक्टरांसमोर बसवा आणि भावाला फोनवर व्हिडिओने जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकाने वेगवेगळे ऐकले असे होणार नाही. आकड्यांऐवजी चित्र मागा: या वयाच्या आणि अशा हृदयाच्या माणसाने डायलिसिस घेतले, तर सगळे चांगले झाल्यास त्याचे सहा महिन्यांनंतरचे दिवस कसे असतील, वाईट झाल्यास कसे असतील, आणि बहुधा कसे असतील? डायलिसिस न घेतल्यास हीच तीन चित्रे कशी दिसतील? गंभीर निर्णयांच्या वेळी असे बोलण्याची पद्धत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील सर्जन ग्रेचेन श्वार्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली, आणि मला ती फार उपयोगी वाटते, कारण तिच्यात आशा आणि धोका दोन्ही एकत्र दिसतात. वडिलांना काय महत्त्वाचे वाटते ते डॉक्टरांना सांगा आणि मग स्पष्ट विचारा, “हे सगळं पाहता तुम्ही काय सुचवाल?” ‘घरी ठरवा’ एवढे सांगून मोकळे होणे मला पटत नाही. निर्णय रुग्णाचा असला, तरी जाणकाराचे मत ऐकण्याचा त्याचा हक्क कायम असतो.

तुमच्या पत्रात ‘हो’ आणि ‘नको’ असे दोनच दरवाजे आहेत. तिसराही आहे. ठरावीक मुदतीसाठी, समजा दोन-तीन महिने, डायलिसिस करून पाहायचे आणि मग थांबून विचार करायचा. पण सुरू करण्यापूर्वीच मुदत, आणि कशाला ‘बरे वाटले’ म्हणायचे ते, वडिलांच्या शब्दांत लिहून ठेवा: सकाळी वर्तमानपत्र वाचता येणे, घरात स्वतः चालता येणे, जे काही ते सांगतील ते. तारीख लिहिलेली नसली, की चाचणी म्हणून सुरू केलेले डायलिसिस कोणी न ठरवता कायमचे होऊन जाते. अमुक दिवशी डॉक्टरांबरोबर बसायचे, आणि त्या वेळी बाबा ‘पुरे’ म्हणाले तर ते ऐकायचे, हे भावाकडूनही आधीच कबूल करून घ्या. डायलिसिस थांबवल्यावर माणूस साधारण आठवडा-दहा दिवस जगतो, मूत्रपिंडांचे थोडे काम शिल्लक असल्यास अधिक. गुंगी वाढत जाते, आणि योग्य औषधे मिळाली तर तो काळ शांततेत जाऊ शकतो. हे आत्ता वाचणे जड जाईल याची मला कल्पना आहे, पण हे माहीत नसल्यामुळेच पुष्कळ घरे थांबायला घाबरतात.

निर्णय होईपर्यंत दोन गोष्टी मात्र सांभाळा. ज्या हाताने ते लिहीत नाहीत त्या हाताच्या पुढच्या भागातल्या शिरा जपा. तिथून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका, पंजाच्या मागच्या बाजूची शीर वापरायला सांगा. पुढे डायलिसिस ठरलेच, तर फिस्ट्युला, म्हणजे मशीनला जोडण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेला धमनी आणि शिरेचा जोड, याच हातात करावा लागेल आणि तो वापरण्याजोगा व्हायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. तोवर मानेतून घातलेल्या कॅथेटरवर, म्हणजे नळीवर, अवलंबून राहिले, तर जंतुसंसर्गाचा धोका जास्त. आणि सांधे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नका.

आणखी एक गोष्ट करायला हवी, आणि तिला मी निर्णयाइतकेच महत्त्व देते. मी पाहिलेली पुष्कळ डायलिसिसे कोणी ठरवून सुरू झालेलीच नव्हती. मध्यरात्री धाप लागली, रुग्णालयात नेले, आणि सकाळपर्यंत रुग्ण मशीनवर होता. तुमच्या घरी असे होऊ नये असे वाटत असेल, तर रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा, रुग्णालयात न्यायचे की घरीच औषध द्यायचे, अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास वडिलांना हवा आहे का, आणि ते बोलू शकत नसतील तेव्हा त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हे त्यांच्याकडून समजून घेऊन कागदावर उतरवा. त्याला कायदेशीर रूप देण्याची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी असते, ती डॉक्टरांकडून जाणून घ्या. एक प्रत घरात हाताशी ठेवा, एक डॉक्टरांकडे द्या, एक भावाला पाठवा.

भावाविषयी मनात राग धरू नका. जो रोज जवळ असतो त्याला वडिलांचा थकवा दिसतो. जो दूर असतो त्याला त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू येतो, आणि फोनवर सगळेच आजारी लोक मुलासाठी आवाज सावरतात. त्याला आठवडाभर घरी येऊन राहायला सांगा, आणि त्या दिवसांत वडिलांच्या औषधांपासून अंघोळीपर्यंतचे सगळे त्याच्याकडे सोपवा. तो आला तर तुम्हाला विश्रांतीही मिळेल, आणि तिची तुम्हाला गरज आहे. डायलिसिस ठरले तर आठवड्यातले तीन दिवस कोण नेणार, न ठरले तर रात्री जवळ कोण थांबणार, याचा हिशेब उघडपणे मांडण्यात काही स्वार्थ नाही. सांभाळणारे माणूस खचले, तर कोणताच मार्ग नीट चालत नाही.

तुम्ही विचारले आहे, नको म्हटले तर मी त्यांना मरू दिले असे होईल का. नाही. त्यांचा आजार त्यांना त्या दिशेने नेतो आहे, आणि तो तुम्ही आणलेला नाही. त्यांनी विचार करून डायलिसिस नको म्हटले आणि तुम्ही ते मान्य केले, तर पुढचे प्रत्येक औषध वेळेवर देणारी, रात्री उठून उशी नीट करणारी तुम्हीच असाल. त्यांनी हो म्हटले आणि त्रास झाला, तर तो त्रास किती सोसायचा हे त्यांनीच आधी सांगितलेले असेल, आणि थांबण्याची वाटही मोकळी असेल. पुढच्या भेटीची वेळ आजच ठरवा. त्याआधीच्या एखाद्या सकाळी, त्यांचे वर्तमानपत्र वाचून झाले, की जवळ बसून पहिला प्रश्न विचारा.